जिओथर्मल एसी कोकणात: दहा खोल्यांच्या लॉजच्या हिशोबाने

किनाऱ्यावर लॉज किंवा रिसॉर्ट बांधायला काढलं की एसीवाल्यांच्या कोटेशनांत एखादं ‘जिओथर्मल एसी’चंही येऊन पडतं. जमिनीत बोअर, बोअरमध्ये पाइप, आणि वर ठळक अक्षरात ‘वीजबिल निम्मं’. याचं पुस्तकी नाव भू-स्रोत हीट पंप. वस्तू खरी आहे, थंड देशांत लाखो घरं तिच्यावर चालतात. पण स्वीडनमध्ये ती ज्या कारणासाठी परवडते, म्हणजे हिवाळ्यात घर तापवायला, ते कारण रत्नागिरीत नाही. निव्वळ गारव्यासाठी घेतलीत तर पैसे अक्षरशः जमिनीत पुरले जातील. गरम पाण्याचा मोठा खप असेल आणि औटडोअर युनिटं खाऱ्या वाऱ्याने खाल्ली जात असतील, तर मात्र कागद-पेन घेऊन बसायला हरकत नाही.

खाली सगळे आकडे १० खोल्या, खोलीमागे १ टन, म्हणजे १० टनांच्या सेटसाठी धरले आहेत. सेटमध्ये काय येतं ते आधी पाहू. पाण्याने थंड होणारं कंप्रेसर युनिट, खोल्यांत फॅन कॉइल (थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फुंकणारी पेटी), जमिनीतल्या पाइपांचा बंद लूप, तो फिरवणारा पंप, आणि जादा पैशात डीसुपरहीटर (कंप्रेसरच्या उष्णतेवर पाणी तापवणारा भाग) व गरम पाण्याची टाकी. साध्या स्प्लिटमध्ये खोलीतली उष्णता औटडोअर युनिट हवेत टाकतं. इथे तीच उष्णता पाइपातलं पाणी जमिनीत नेऊन टाकतं. कोकणात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे लूपमध्ये गोठण टाळणारं ग्लायकॉल लागत नाही. कोटेशनात ग्लायकॉल दिसलं तर ते कुठल्या तरी हिमालयातल्या कामावरून जसंच्या तसं उतरवलं आहे, असं खुशाल समजा.

जमिनीचं तापमान हा सगळ्याचा पाया. दहा-पंधरा मीटरखाली ते बारा महिने जवळपास स्थिर असतं आणि त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. म्हणजे आपल्या किनारपट्टीवर २७ ते २९ अंश. ज्या देशांत जमीन १० अंशांवर असते, तिथे उन्हाळ्यात गारवा जवळपास फुकट मिळतो. इथे जमीन २८ वर आणि मे महिन्याची दुपार ३३-३४ वर. फायदा पाच-सहा अंशांचा, आणि उष्णता ढकलायला पाणी जमिनीपेक्षा गरम असावंच लागतं, म्हणून तोही लूपच्या बांधणीतच खर्च होतो. आपल्या जागेचा आकडा काढायला भारी उपकरण नको. शेजारच्या बोअरवेलचा पंप वीस मिनिटं सलग चालवा आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात साधा डिजिटल थर्मामीटर धरा.

आता माहितीपत्रकातला सीओपी. एक युनिट विजेत किती युनिट उष्णता हलते, तो हा आकडा. जमिनीच्या लूपसाठी आयएसओ १३२५६ मानकात गारव्याची चाचणी २५ अंशांचं पाणी युनिटमध्ये शिरतंय असं धरून होते. कोकणात भर हंगामात ते पाणी ३३ ते ३५ अंशांनी येतं. म्हणून २५ अंशांच्या रकान्यातला ५ किंवा ५.५ हा आकडा आपल्या कामाचा नाही. विक्रेत्याकडे पूर्ण तक्ता मागा आणि ३५ अंशांची ओळ बघा. ती ओळ तक्त्यातच नसेल तर ते मशीन इथलं नाही. सीओपी ४ धरून पुढे जाऊ.

१० टन गारवा म्हणजे ३५.२ किलोवॅट. कंप्रेसरची ८.८ किलोवॅट वीजही शेवटी उष्णताच होते, म्हणून जमिनीत टाकायची उष्णता ४४ किलोवॅट. ओल्या काळ्या कातळात बोअरच्या दर मीटरमागे ४० वॅटच्या आसपास धरणं शहाणपणाचं. म्हणजे साधारण १,१०० मीटर खोदाई, ९० मीटरचे १२ बोअर. ‘टनाला एक ६० मीटरचा बोअर पुरे’ असं सांगणारा माणूस मीटरला ७३ वॅट मागतोय, आणि आपला बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, तेवढं सलग सोसत नाही. दोन बोअरांत निदान ६ मीटर अंतर हवं, आणि वर्षभर फक्त गारवाच काढायचा असेल तर ७ मीटर. तीन ओळींत चार-चार बोअर ७ मीटरवर मांडले की १४ गुणिले २१ मीटर, म्हणजे जवळजवळ ३ गुंठे. माड-पोफळीच्या वाडीत एवढी सलग मोकळी जागा निघते का, ते आधी बघा. पार्किंगखाली किंवा अंगणाखाली बोअर चालतात, मुख्य इमारतीच्या पायाखाली नकोत.

विजेचा हिशोब करू. लॉज वर्षात सरासरी ४० टक्के भरलेलं आणि एसी पूर्ण भाराने १,००० तास चालल्याइतका वापर धरा. कंप्रेसर ८.८ आणि लूपचा पंप ०.७ किलोवॅट मिळून वर्षाला ९,५०० युनिट. आयसीर (स्टार लेबलवरचा हंगामी कार्यक्षमतेचा आकडा) ५ चा नवा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर स्प्लिट कागदावर तेवढाच गारवा ७,००० युनिटांत देतो. कागद आणि किनारा यांत फरक पडतो हे मान्य, आणि हीट पंपही कमी भाराला जरा बरा चालतो हेही मान्य. तरीही दोन्ही फार तर बरोबरीला येतात. ‘निम्मं बिल’ कुठून येतं? गंजलेल्या कॉइलचा जुना स्प्लिट आणि खोलीतला विजेचा गीझर यांच्याशी तुलना केली की येतं.

खरी बचत गीझरच्या बाजूला आहे. खोलीत दोन माणसं, माणशी ६० लिटर, पाणी २६ वरून ५० अंशांवर न्यायचं, तर भरलेल्या लॉजला रोज १,२०० लिटर आणि ३३ युनिटांहून थोडी जास्त उष्णता लागते. ४० टक्के भरणीला वर्षाचे सुमारे ४,९०० युनिट. डीसुपरहीटर कंप्रेसरमधून निघणारा गरम गॅस जमिनीकडे जाण्याआधी पाण्यातून फिरवतो, त्यामुळे एसी चालू असताना हे पाणी जवळजवळ फुकट. गोची अशी की गरम पाण्याची सगळ्यात जास्त मागणी डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा एसी बंद. मग युनिट उलटं फिरवून जमिनीतली उष्णता वर आणावी लागते, जी सीओपी ३.५ ने मिळते. निम्मं पाणी फुकट आणि निम्मं या सीओपीने धरलं तर वर्षाची वीज ७०० युनिट. म्हणजे ४,२०० युनिट वाचले.

पण हाच न्याय हवेवर चालणाऱ्या हीट पंप वॉटर हीटरलाही लावायला हवा, आणि कोटेशनवाले नेमकं तेच करत नाहीत. कोकणच्या उबदार हवेत तो सीओपी ३.३ सहज देतो आणि तेच काम १,५०० युनिटांत करतो. बोअर नाही, ३ गुंठे नाहीत. मग बारा बोअरांची जादा कमाई किती? वर्षाला ८०० युनिट. एवढ्यावर १,०८० मीटर खोदाईचं व्याजही निघणार नाही.

तरीही वस्तू पूर्ण बाद होत नाही, ते मिठामुळे. लाटांचे तुषार पोचतात अशा जागी औटडोअरच्या ॲल्युमिनियम पात्या पांढऱ्या पडतात आणि बोटाने भुगा होतो. मग तांब्याच्या नळीला बारीक भोक, गॅस गायब, आणि तेही नेमकं मे महिन्यात सगळ्या खोल्या बुक असताना. पात्या खराब झाल्या की कंडेन्सिंग तापमान चढतं, आणि दर चढत्या अंशाला कंप्रेसर दोन-तीन टक्के वीज जास्त ओढतो. जमिनीच्या सेटला उघड्यावर कॉइलच नाही. कंप्रेसर बंद खोलीत, पाइप जमिनीत. चांगल्या पीई (पॉलिइथिलीन) पाइपचं आयुष्य ५० वर्षं धरून तो बनवतात. दर चार-पाच वर्षांनी दहा औटडोअर बदलायची पाळी येत असेल तर त्या खर्चाशी बोअरची तुलना करा, वीजबिलाशी नको. समुद्रापासून बरंच आत, चिपळूण-संगमेश्वरकडे, हा मुद्दाच उरत नाही.

संगमेश्वरचं नाव आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आमच्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत, मग जमिनीची ऊर्जा तर आयतीच! पालघरपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हे झरे आहेत. दापोली तालुक्यातलं उन्हवरे ७० अंशांच्या जवळ, तुरळ-राजवाडी ६० च्या आसपास, राजापूरचं उन्हाळे ४०-४२. पण एसीसाठी झऱ्याशेजारची जमीन उलट वाईट, कारण जिथे उष्णता टाकायची ती जागा आधीच तापलेली. पाणी तापवून चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शन चिलरला ७५-९० अंशांचं पाणी लागतं, तेही या झऱ्यांतून थेट मिळत नाही. या पाण्याला शोभणारं काम म्हणजे सुकवण. आमसुलं आणि आंबापोळी ५०-६० अंशांच्या कोरड्या हवेत उत्तम वाळतात, आणि कोकमाचा हंगाम आगोटीला येऊन भिडतो तेव्हा उन्हाचा भरवसा नसतो. झऱ्याचं पाणी मात्र क्लोराइडचं. साधं ३०४ स्टील त्यात खड्डे पडून फुटतं. मध्ये ३१६ किंवा टायटॅनियमच्या प्लेटांचा हीट एक्स्चेंजर टाकून गोडं पाणी पलीकडे फिरवायचं, आणि कुंडात आंघोळीला येणाऱ्यांचा प्रवाह आटणार नाही एवढंच घ्यायचं.

विजेचं म्हणाल तर देशात भूऔष्णिक क्षमतेचा १०,६०० मेगावॅटचा अंदाज वर्षानुवर्षं उद्धृत होतो, पण व्यापारी प्रकल्प अजून एकही नाही. लडाखमध्ये पुगा इथे ओएनजीसीने १ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी २०२१ साली करार केला आणि खोदाई सुरू केली. तेलंगणात मणुगुरूला सिंगरेणी कोलियरीजचा २० किलोवॅटचा प्रायोगिक संच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं, त्यात भू-स्रोत हीट पंपांचाही समावेश आहे. विक्रेते या धोरणाचा कागद पुढे करतात. धोरण म्हणजे अनुदान नव्हे. अनुदान धरून हिशोब मांडला असेल तर ते मंजुरीचं पत्र कुठे आहे, एवढं विचारा.

आता खोदाई, कारण निम्मी कामं इथेच फसतात. रिगचा ट्रक आणि कंप्रेसरचा ट्रक, दोन्ही आत यायला हवेत. पाखाडीच्या गावात, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे असलेल्या वाटेने ते येत नाहीत. म्हणून बांधकामाच्या आधी, पावसाळा टाळून, बारा बोअर एकाच फेरीत मारून घ्यावे. वरचा जांभा सच्छिद्र, मे महिन्यात कोरडा ठणठणीत, आणि कोरड्या जांभ्यातून उष्णता नीट जात नाही. जिथे जांभ्याचा थर जाड आहे अशा सड्यावर तेवढी लांबी जवळपास वाया गेली असं समजून बोअर खोल न्या. जांभ्याखाली मऊ चिकट मातीचा थर लागतो. तो ढासळतो, म्हणून कठीण कातळ लागेपर्यंत केसिंग. बेसॉल्टमध्येही मधूनमधून तांबड्या मातीचे पट्टे येतात आणि तिथे बिट अडकतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे दख्खनचा काळा दगड संपून क्वार्टझाइट आणि ग्रॅनाइटच्या जातीचे जुने खडक लागतात. क्वार्टझाइट खणायला जीव काढतो, पण उष्णता बेसॉल्टपेक्षा कितीतरी सहज नेतो. त्यामुळे गुहागरचं डिझाइन वेंगुर्ल्याला जसंच्या तसं उचलू नये, आणि वेंगुर्ल्याचं गुहागरला तर मुळीच नको.

अंदाजावर बारा बोअर मारण्यापेक्षा पहिला मारून त्यावर थर्मल रिस्पॉन्स टेस्ट घ्या. ९० मीटरच्या बोअरला साडेचार किलोवॅटचा हीटर लावून ४८ तास पाणी फिरवायचं आणि जातं-येतं तापमान नोंदवायचं. हीटरची शक्ती स्थिर राहिली नाही तर चाचणी निकामी, आणि आपल्याकडचं व्होल्टेज संध्याकाळी कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जनरेटरवर घ्या.

पाइप पीई १००, ३२ मिलिमीटर, एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट), पीएन १६ (२० अंशांना १६ बार सोसणारा), आयएस ४९८४ चा शिक्का असलेला. तळाचा यू-बेंड कारखान्यात वेल्ड केलेलाच हवा. जागेवर दोन एल्बो जोडून केलेला नको. जमिनीखाली एकही कॉम्प्रेशन जॉइंट नको, सगळे सांधे फ्यूजनचे, म्हणजे वितळवून जोडलेले. कोरड्या बोअरमध्ये ९० मीटर पाण्याचा दाब तळाला ९ बार भरतो. वरून ४-५ बार चढवले की तळाला १३-१४ बार होतात, आणि ३० अंशांच्या जमिनीत पीएन १६ पाइपची मर्यादाही साधारण तेवढीच. म्हणून ‘१० बारला टेस्ट करून देतो’ हे ऐकायला छान, पाइपला घातक. चाचणी तीनदा: सोडण्याआधी, सोडल्यावर, आणि भरणी, म्हणजे पाइपभोवतीची पोकळी भरून, झाल्यावर. पाइप पाण्याने भरूनच खाली सोडायचा, नाहीतर बोअरमधल्या पाण्यावर तो तरंगतो आणि मजूर वरून रेटून त्याला मोड पाडतात.

भरणीत सगळ्यात जास्त चोरी होते, कारण ती नंतर दिसत नाही. साडेसहा इंची बोअरमध्ये पाइप गेल्यावर मीटरला सुमारे २० लिटर पोकळी उरते. ९० मीटरला १,८०० लिटर, बारा बोअरांना २१ घनमीटरच्या वर. तेवढा बेंटोनाइट आणि सिलिका वाळूचा माल जागेवर उतरला का, ते मोजा. नुसता बेंटोनाइट भरला तर उष्णता अडते, वाळूने ती वाहती होते. माल ट्रेमी पाइपने तळापासून वर यायला हवा. वरून फावड्याने ओतला की मध्येच अडकून खाली पोकळी राहते. ‘पाण्याने भरलेला बोअर आहे, भरणी कशाला’ असंही सांगतात. पावसाळ्यात ते चालेल, पण एप्रिल-मेत पाण्याची पातळी खाली गेली की वरच्या निम्म्या पाइपभोवती फक्त हवा. म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत लूप निम्मा.

बोअर एकमेकांना समांतर, रिव्हर्स रिटर्नने (ज्या बोअरला पाणी आधी मिळतं त्याचं शेवटी परत येतं) जोडलेले, दीड मीटर खोल चरात वाळूच्या गादीवर. एकूण प्रवाह मिनिटाला ११४ लिटर, म्हणजे प्रत्येक बोअरला साडेनऊ. जातं-येतं तापमान साडेपाच अंशांनी वेगळं दिसलं की सगळं ठीक. फरक ८-९ झाला तर प्रवाह कमी, बहुधा हवा अडकलेली. हवा काढायला पाइपात सेकंदाला ०.६ मीटर वेग लागतो, म्हणजे बोअरमागे मिनिटाला १९ लिटर. लूपच्या रोजच्या पंपाची ती ताकद नाही. मोठा फ्लशिंग पंप आणून एकेक बोअर व्हॉल्व्हने वेगळा करून धुवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक बोअरला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा, आणि कोटेशनांतून नेमके तेच गाळतात.

वर्षाला ४४,००० युनिट उष्णता जमिनीत जाते आणि गरम पाण्यासाठी आपण जेमतेम ४,९०० युनिटांची वापरतो. बाकीची साचते. थंड देशांत हिवाळ्यातल्या हीटिंगने जमीन परत निवते, आपल्याकडे तसा हिवाळा नाही. बोअर कमी किंवा जवळजवळ असतील तर दर मे महिन्यात लूपचं पाणी थोडं अधिक गरम येत जातं आणि एके वर्षी कंप्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होऊ लागतो. गॅस भरणारा येतो, गॅस ठीक असतो, सगळे बोर्डाला दोष देतात. कोकणचा एक मोठा आधार म्हणजे पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारं पाणी भेगाळ कातळातून वाहताना बरीच उष्णता उतरवून नेतं. पण हे भेगांवर अवलंबून. म्हणून लूपच्या दोन्ही टोकांना तापमान नोंदवणारा लॉगर पहिल्या दिवसापासून लावा आणि दरवर्षी १५ मेचा आकडा शेजारी-शेजारी मांडा.

घरातल्या बाजूला सीओपी फुगवण्याची एक युक्ती चालते: चिल्ड वॉटर ७ ऐवजी १२ अंशांवर ठेवायचं. आकडा सुधारतो, पण कॉइल हवेतला दमटपणा ओढत नाही. खोली २५ अंशांवर आणि चादर ओलसर, आठवड्यात कपाटाला बुरशी. ७ अंशांवरच चालवा. चिल्ड वॉटरच्या पाइपांना २५ मिलिमीटर नायट्राइल रबर, सांधे चिकटवून बंद. जिथे सांधा उघडा, तिथे फॉल्स सीलिंगमधून ठिबक ठरलेली.

टाकी आणि नळ्यांबाबत एक स्थानिक गोष्ट. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू पण आम्लाकडे झुकलेलं असतं. क्षार साचत नाहीत, मात्र जीआय पाइप कुजतात आणि तांब्याला बारीक भोकं पडतात. टाकी ग्लासलाइन्ड (आतून काचेचा लेप), आणि तिच्याऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियम अॅनोड दरवर्षी उघडून बघायचा. डीसुपरहीटर दुहेरी भिंतीचाच, म्हणजे गळती झाली तरी कंप्रेसरचं तेल आंघोळीच्या पाण्यात येत नाही. रोजचं तापमान ५०-५५ ठीक, पण मुक्कामी पाहुणे नसताना साचलेलं पाणी वापरण्याआधी एकदा ६० च्या वर न्या.

काही विक्रेते बोअरऐवजी विहिरीचं पाणी थेट फिरवून परत सोडायचं स्वस्त काम सुचवतात. कोकणात ते टाळा. मे महिन्यात विहीर तळ गाठते, आणि जांभ्याच्या पाण्यातल्या लोहामुळे लालसर बुळबुळीत थर साचून प्लेटा बुजतात. किनाऱ्यालगत उपशाने खारं पाणी आत येतं ते वेगळंच, शिवाय सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) बंधनं आहेत. बंद लूपमध्ये पाणी उपसलंच जात नाही. तरी महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहीर वेगळी धरली आहे, तेव्हा ‘उपसा नाही, फक्त उष्णता देवाणघेवाण’ असं अर्जात लिहून आधी लेखी उत्तर घ्या, आणि रिगमालकाची नोंदणी तपासा.

दुरुस्तीची बाजू लंगडी आहे. स्प्लिट दुरुस्त करणारा प्रत्येक बाजारपेठेत सापडतो, पण पाण्यावर चालणाऱ्या युनिटसाठी माणूस कोल्हापूर किंवा मुंबईहून येतो. एकच १० टनांचं युनिट घेतलं तर ते बंद पडल्यावर दहाही खोल्या बंद. ५ टनांची दोन घ्या. वळिवाच्या विजा बोर्ड जाळतात, म्हणून सर्ज अरेस्टर, फेज प्रिव्हेंटर आणि नीट अर्थिंग. लूपचा पंप कंप्रेसरबरोबर बंद व्हायला हवा. तो चोवीस तास चालू ठेवणारी जोडणी केली असेल तर ०.७ किलोवॅटने वर्षाचे सहा हजार युनिट जातात आणि सगळा हिशोब उलटा होतो.

दहा खोल्यांच्या, हंगामी लॉजला आमचं मत नकारार्थी. फाइव्ह स्टार स्प्लिट, औटडोअरला गंजरोधक लेप, गरम पाण्याला हवेवरचा हीट पंप किंवा सोलर. वाळूला लागून असलेलं, २० खोल्यांच्या वरचं, स्वयंपाकघर आणि लाँड्रीला बारा महिने गरम पाणी लागणारं, नव्याने बांधायचं रिसॉर्ट असेल तर विचार जरूर करा. ऑर्डर देताना चार गोष्टी कागदावर घ्या: खोदाईचा दर फुटावर आणि केसिंग वेगळं, भरणीचा माल घनमीटरमध्ये, प्रत्येक बोअरचा दाब-चाचणीचा सहीचा कागद, आणि तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात युनिटमध्ये शिरणारं पाणी ३५ अंशांच्या वर गेलं तर जादा बोअर कोणाच्या खर्चाने. शेवटच्या कलमावर विक्रेता अडला तर त्याने लूप मोजून काढलेला नाही.